सुगंधाबाईंचा नारळ

या, अशा जवळ सरकून बसा. पंख्याचं तोंड तुमच्याकडे करते हवं तर. एक गोष्ट सांगायची आहे. जन्मभर कीर्तनात दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकल्या, ही मात्र कीर्तन ऐकणारीची आहे. देवाच्या नावावर तिनं एकदा काय केलं, ते सांगते. ऐकून झाल्यावर मला काय बोल लावायचा तो लावा. मी रागावणार नाही.

त्या दिवशी खंडेनवमी होती. खाणवड्याला जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये मी मागच्या बाकावर बसले होते आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला नारळ होता. समोरच्या बाकावर आमचे हे. पांढरा सदरा, नवी टोपी, आणि चेहरा असा खुललेला की जसं काही लग्नालाच निघालेत.

"नारळ मी धरू का गं?"

"नको. मंडळींनी माझ्या हातात दिलाय, मीच नेते."

"बाईंना केवढा आनंद होईल," हे म्हणाले. "जन्माचं कीर्तन आजवर आपल्या देवळात कुठल्या बाईला मिळालं नव्हतं."

"त्यांचं त्या बघतील. तुम्हाला झालाय तेवढा पुरे की!"

हे हसले. शेजारची बाईही हसली. मी नाही हसले.

त्याचं असं आहे, आमच्या दत्ताच्या देवळात दत्तजयंतीला सात दिवस कीर्तन असतं. शेवटच्या दिवशीचं, जन्मकाळाचं, ते मानाचं. त्यासाठी कीर्तनकाराला आधी नारळ द्यायचा. नारळ हातात पडला की निमंत्रण पक्कं, मग त्या दिवशी तो कीर्तनकार दुसरीकडे जात नाही. आणि नारळ पडला नाही, तर नुसत्या तोंडच्या निरोपावर कोणी येतही नाही. त्या वर्षी मंडळींनी ठरवलं, मान सुगंधाबाई लोहार यांना द्यायचा. त्या खाणवड्याच्याच, आणि नवमीला तिथं त्यांचं कीर्तन होतं. मला म्हणाले, "द्वारकाक्का, तुम्ही जाताच आहात, नारळ तुम्हीच द्या."

आता देवापुढे बसून खोटं कशाला बोलू? सुगंधाबाईंसारखं कीर्तन मी दुसरं ऐकलेलं नाही. हिरवं नऊवारी, कपाळावर बुक्का, हातात झांजा. शब्द असा स्वच्छ की तांदूळ निवडून ताटात ठेवल्यासारखा. पूर्वरंगात त्या नुसतं "बाबांनो" म्हणाल्या तरी माझ्या डोळ्याला पाणी यायचं. सहा वर्षं मी त्यांचं एकही कीर्तन चुकवलं नव्हतं.

यांनीही चुकवलं नव्हतं. तिथंच तर सगळं होतं.

एरवी आमचे हे कीर्तनाला येऊन डुलक्या घेणारे. आमच्या देवळातले नेहमीचे कीर्तनकार हरिदासबुवा, त्यांच्या त्या भरघोस मिशा. बुवा उभे राहिले, की यांचा दहाव्या मिनिटाला घोरण्याचा सूर लागायचा. मी चिमटे काढून दमले. पण सुगंधाबाई उभ्या राहिल्या की हे पुढच्या रांगेत मांडी ठोकून बसणार आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावणार, ते आरतीपर्यंत. पापणी लवायची नाही. बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. आणि बाई? त्याही! कथेतला कुठलाही मोक्याचा शब्द आला की वळून यांच्याकडेच बघून म्हणणार. साडेतीनशे माणसं सोडून.

घरी काय, तर मी मागून तीन हाका मारल्या तरी ओ नाही. स्वयंपाकघरातून काही विचारलं तर भिंतीला विचारल्यासारखं. रेडिओ लावणं बंद केलं होतं, "कटकट होते" म्हणून. पण बाईंच्या कीर्तनाहून येताना वाटभर त्यांचीच कथा मला परत सांगणार, हात नाचवून. चांगली सांगायचे, तेही खोटं नाही. पण मला ती ऐकताना वाटायचं, अठ्ठावीस वर्षांत माझ्या तोंडचं एक वाक्य यांनी असं धरून ठेवलंय का?

जीप कारखान्याच्या दारात थांबली.

खाणवड्याचा कारखाना म्हणजे जुन्या संस्थानाचा. डोंगराची तांबडी दगडमाती कोळशाबरोबर भट्टीत गाळायची, आणि निघेल ते लोखंड ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या प्रचंड घणाखाली ठोकून त्याचे फाळ, पहारी, काहिली करायच्या. त्या घणाला तिथं पाणघण म्हणत. आमच्या यांनी त्या घणाखाली सतरा वर्षं काम केलं. मग कारखाना बंद पडला, छपरं बसली, भिंतींतून वड उगवले. शहरातल्या, जुन्या वास्तू जपणाऱ्या काही मंडळींनी तीन वर्षं खपून तो पुन्हा उभा केला होता. लोकांनी बघायला यावं म्हणून. लोखंड आता तिथं व्हायचं नव्हतं.

मला वाटलं होतं, चार पडक्या भिंतींना रंग दिला असेल. पण नाही हो. जांभ्याची भिंत चुन्यात नीट बसवलेली. ओढ्यावरचं लाकडी चक्र नवं, अजून लाकडाचा वास येणारं. भट्टी दोन पुरुष उंच, तिच्या तोंडाला आंब्याचं तोरण. घण, सांडस, पहारी, भाते सगळं ओळीनं मांडून झेंडूच्या माळा घातलेल्या, प्रत्येकाला हळदकुंकू. हत्यारांची पूजा आम्ही घरीही करतो, पण माणूसभर उंच घणाला कुंकू लावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"ये, तुला दाखवतो," म्हणून यांनी माझा हात धरला. चारचौघांत! "हे बघ, इथं मी उभा राहायचो. या दगडाला खळगा पडलाय ना, तो टाचेचा. माझ्या आधी रामा लोहार उभा राहायचा, त्याच्या आधी त्याचा बाप."

"रामा लोहार म्हणजे?"

"सुगंधाबाईंचे वडील. मला काम त्यांनीच शिकवलं."

हे मला ठाऊकच नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत निघालं नव्हतं. मी हात सोडवून घेतला.

"म्हणजे तेव्हापासूनची ओळख म्हणायची."

"तेव्हा परकर नेसून भाकरी घेऊन यायची ती," हे हसत म्हणाले. आणि तेवढ्यात समोरून बाईच आल्या.

"द्वारकाक्का! आलात? बरं केलंत." त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मग वळून यांना, "दादा, नमस्कार." यांना पुन्हा निराळा, अगदी समोर येऊन, तोंडाकडे बघून.

नारळ माझ्या हातात होता. त्याच क्षणी द्यायचा. टॉवेल सोडायचा आणि ओटीत घालायचा, एवढंच काम. मी म्हटलं, "देऊ, कीर्तन झाल्यावर देऊ," आणि टॉवेलाची गाठ आणखी आवळली. काय द्यायचंय ते बाईंनी विचारलं नाही. पण त्यांची नजर गाठोड्यावरून एकदा फिरली. त्यांच्या कानावर आलं असणार. खाणवड्याहून आमचं गाव काय लांब आहे?

मग लोकांना दाखवायला पाणघण चालू केला.

देवा! पाणी चक्रावर पडलं, चक्र कण्हलं, आणि तो घण वर जाऊन खाली आला. पायाखालची भुई हलली. माझ्या दातांत तो आवाज गेला. पोरं कानात बोटं घालून किंचाळत होती आणि त्यांचं किंचाळणं ऐकू येत नव्हतं. मी शेजारच्या बाईला ओरडून काही म्हटलं, तिनं नुसती मान हलवली.

आणि मी बघते तर घणाच्या पलीकडे, वीस हातांवर, बाई उभ्या. अलीकडे हे. आणि दोघं बोलत होती.

मी खरंच सांगते, बोलत होती. बाईंचे ओठ हलले. यांनी मान डोलावली, यांचे ओठ हलले. आवाज कशालाच नाही. बाईंनी पुन्हा काही म्हटलं, दाराकडे बोट केलं. हे काहीतरी म्हणाले, आणि बाई पदर तोंडाला लावून हसल्या. अशा हसल्या की खांदे हलत होते. मी हातभर अंतरावर उभी. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. सगळा गाव त्या आवाजात बहिऱ्यासारखा उभा आणि ह्या दोघांचं निवांत चाललंय! माझं अंग भट्टीसारखं पेटलं.

घण थांबला.

"काय म्हणत होत्या?" मी विचारलं.

"कुठं काय? असंच, जुनं." हे म्हणाले आणि तोंड फिरवून घणाच्या दांड्यावर हात फिरवू लागले.

असंच, जुनं. मी वळले. भट्टीपुढे लोक नारळ फोडत होते. एक मोठा काळा दगड मांडला होता. मी टॉवेल सोडला. क्षणभर हात थांबला, तेही सांगते, कारण नारळाला कुंकू आमच्या देवळातलं लावलेलं होतं. मग मी तो दोन्ही हातांनी वर धरून आपटला. एका फटक्यात दोन शकलं.

मला काय बरं वाटलं हो! परत जाऊन मंडळींना सांगायचं, देवापुढे फोडावा लागला, काय करणार, मग हरिदासबुवांनाच बोलवा. देवाला दिला म्हटल्यावर कोण विचारतं? देवाचा आडोसा घेतला की माणसाला काहीही करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

वर आणखी, मी खोबऱ्याचे तुकडे केले आणि सगळ्यांना वाटले. बाईंच्याही हातावर ठेवला. "घ्या, प्रसाद." त्यांनी डोक्याला लावला आणि तोंडात टाकला. माझ्या रिकाम्या टॉवेलाकडे पाहिलं.

तीन वाजता ओतशाळेत, म्हणजे पूर्वी लोखंड ओतायचे त्या दालनात, कीर्तन. लांबलचक छप्पर, मधे लोखंडाचे जाड खांब, एका टोकाला दार. बाई दाराकडे तोंड करून उभ्या राहणार होत्या. हे सरळ पुढे निघाले.

"तिकडे नको," मी म्हटलं. "माझी पाठ धरलीय. मला टेकायला हवं. इथं बसा खांबापाशी."

"पुढं बसलो तर..."

"अठ्ठावीस वर्षं तुमच्या मनासारखं बसले. आज माझ्या."

हे बसले. मी अशी जागा धरली की खांब बरोबर यांच्या आणि बाईंच्या मधे येईल. यांनी एकदा मान डावीकडे काढली, मी सरकले. उजवीकडे काढली, पुढच्या माणसाचा फेटा आला. मग हे मांडीवरच्या हातांकडे बघत बसले.

बाईंनी नमन केलं. पूर्वरंगात त्यांची नजर पहिल्या रांगेत फिरली, दुसऱ्या रांगेत फिरली. उत्तररंगात त्या आपली जागा सोडून दोन पावलं बाजूला आल्या, पेटीवाला गोंधळला. मी यांना म्हटलं, "जरा इकडे रेला, मला वारा लागू दे." हे रेलले. बाई परत जागेवर गेल्या. कथा एका म्हातारीची होती, जी देवळात रोज पणती लावायला येते आणि एके दिवशी तिला दिसेनासं होतं, तरी ती येतच राहते. सगळी ओतशाळा रडत होती. माझ्या शेजारी हे बसले होते, देवळाबाहेर चपला राखायला बसवलेल्या माणसासारखे. त्यांच्या डोळ्यात काही नव्हतं. मला वाटलं, बघा, तोंड दिसलं नाही तर कथेत जीव नाही यांचा. मला जे हवं होतं ते दिसलं, आणि मी पुरती जिंकले.

कीर्तन संपलं. माणसं पांगली. हे ओढ्यावर पाय धुवायला गेले. माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"चला, जीप जाईल!" मी हाक मारली. "अहो!" पुन्हा मारली. तिसऱ्यांदा तर किंचाळले.

बाजूला कोणीतरी हसलं. काठीवर हात टेकून एक म्हातारा कट्ट्यावर बसला होता. पांढरी दाढी, डोक्याला गोल टोपी. इमामभाई धावड, भट्टीवरचे जुने कारागीर. यांच्या तोंडून नाव ऐकलं होतं.

"वैनी, मागनं कशाला घसा फोडताय?" ते मोठ्यांदा म्हणाले. "त्येला काय ऐकू जातंय? म्होरं जावा आनि तोंड दावा."

"ऐकू जातंय म्हणजे?"

"आं? जरा माझ्याकडं बघून बोला. मी बी त्यातलाच."

मी समोर गेले. "यांना ऐकू येत नाही?"

"घणाखालच्या कुनाला येतंय?" इमामभाई म्हणाले. "आमच्यात तर म्हनायचे, कान गेला की मानूस मेस्त्री झाला. तुमच्या या सदूचा लौकर नाय गेला. उतारवयात गेला, सात-आठ वर्सं झाली. मला म्हनला होता. तुमास्नी नाय सांगितलं?"

मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर टेकले.

"आमी सगळी ओठांवरनं बोलतो की. घण चालू असला की आवाज कशाचा? ही सुगंधा, रामाची पोरगी, बापाशी बोलायचं म्हंजे ओठ असं एकेक उघडून. बारकी होती तवापास्नं. लोक म्हनत्यात बाईचं शब्द लई साफ. साफ नसून करती काय? बाप बहिरा!" त्यांनी काठी आपटली. "मिशीवाला मानूस समोर आला की आमचं संपलं बगा. ओठच दिसत न्हाईत."

मी पायऱ्या उतरून ओढ्याकडे गेले. यांच्या समोर जाऊन पाण्यातच उभी राहिले, लुगड्याचे काठ भिजले. हे दचकले.

"अगं, पाण्यात काय?"

"आजची कथा कुठली होती?" मी विचारलं.

यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "मला दिसली नाही गं," म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगायचं? तुला कीर्तनाचं वेड. मला ऐकू येत नाही म्हटलं असतं, तर मला एकटं टाकून जायला तुला बरं वाटलं नसतं. घरी बसली असतीस." मग पुन्हा माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "बाईंचं कळतं मला. सगळं. म्हणून तर परत सांगायचो तुला वाटेत, चुकलं असलं तर तू सांगशील म्हणून. तू कधी चूक काढली नाहीस."

"आणि घणापाशी काय बोललात? हसल्या कशाला त्या?"

"त्या म्हणाल्या, दादा, आज पुढं बसा, मी दाराकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे तोंडावर उजेड येईल. मी म्हटलं, आमची द्वारका बसवेल तिथं बसायचं असतं मला."

मला ते पाणी गुडघ्यापर्यंत आल्यासारखं वाटलं.

बाई ओतशाळेत एकट्याच झांजांना फडकं गुंडाळत होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. नमस्कार कसा करावा तेही सुचेना.

"बाई, देवळाचा नारळ आणला होता मी. जन्माच्या कीर्तनाचा. तुमचा होता. मी तो मुद्दाम फोडला."

त्यांचे हात थांबले. झांजा खाली ठेवून म्हणाल्या, "कशासाठी?"

"माझ्या मनात घाण आली. तुमच्याबद्दल आणि यांच्याबद्दल."

पेटीवाला आत डोकावला, बाईंनी हातानंच त्याला जायला सांगितलं. त्यांचे डोळे भरले होते, पण रडल्या नाहीत.

"सहा वर्षं मी त्यांच्याकडे बघून बोलते," त्या म्हणाल्या. "माझे आप्पा गेल्यावर मला असं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. बाकीचे कान देतात, दादा सगळा जीव देतात. एकदा मला विचारायचं तरी होतं, अक्का."

"विचारलं असतं तर मी लहान झाले असते."

"आणि आता?"

मी तिथंच जमिनीवर डोकं टेकलं. बाईंनी मला दंड धरून उठवलं. त्यांची पकड लोहाराची होती, आजही दंड दुखतो म्हणाल तर खोटं नाही.

"खोबरं तुम्हीच माझ्या हातावर ठेवलंत ना?" त्या म्हणाल्या. "मी ते खाल्लं. म्हणजे निमंत्रण माझ्या पोटात गेलं. आता कुणाला परत देता येतंय? मंडळींना सांगा, बाई येतायत. आणि एक करा. दादांना पुढं बसवा."

मी मंडळींपुढे सगळं सांगितलं. नारळ कसा फुटला तेही. दोन बायकांनी माझ्याशी बोलणं टाकलं, ते बरोबरच होतं. त्या वर्षी दत्ताचा पाळणा सुगंधाबाईंनी हलवला, पुढची चार वर्षंही. हे समोर, समईच्या उजेडात. वाटेत मी यांच्यापुढे उलटी चालायची, म्हणजे आम्हाला बोलता येई. लोक हसायचे. हसोत.

पाचव्या वर्षी बाईंचा घसा गेला. डॉक्टर नको म्हणत होते तरी त्या आल्या. लाऊडस्पीकर लावूनही नुसता श्वास यायचा, शब्द नाही. अर्ध्या तासात मागच्या रांगा उठल्या. मग मधल्या उठल्या. कोणी म्हणालं, "ऐकूच येत नाही, बसून काय करायचं?" शेवटी सतरा-अठरा माणसं उरली, तीही चुळबुळणारी. बाई थांबल्या नाहीत. वळल्या, आणि सगळं कीर्तन आमच्या यांना सांगितलं. नमन, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं. यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. देवळात त्या दिवशी कीर्तन पोचलं ते एका माणसाला.

घरी जाताना यांनी ते मला सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

बाई त्याच वैशाखात गेल्या. हेही जाऊन आता तीन वर्षं झाली. बाईंच्या कीर्तनाची टेप कुणी केली नाही, फोटो एकच आहे, तोही पाठमोरा. म्हणून तुम्हाला जवळ बसवून घेतलं. तुम्ही कधी कुठं कीर्तनाला बसाल, बुक्का लावून घ्याल, तेव्हा मनात एकदा नाव घ्या. सुगंधा रामा लोहार, खाणवडे. पुरं नाव घ्या. एवढं माझं काम करा.